घरटी एक माणूस

आमच्या गावाची वस्ती किती, असं बाबांना विचारलं तर ते माणसं सांगत नाहीत, चुली सांगतात. मी कर्जतला हायस्कुलात भूगोल शिकवतो. लोकसंख्या, घनता, नागरीकरण हे शब्द फळ्यावर लिहिण्यात माझी निम्मी हयात गेली. तरी बाबांची मोजणी मला आमच्या पुस्तकातल्या मोजणीपेक्षा जास्त पटत आली आहे, कारण ती कशासाठी करायची हे आधीच ठरलेलं असतं. गावात कुणी गेलं की दर चुलीमागे एक माणूस आणि एक लाकूड निघायचं. भाऊ वेगळे झाले, घरात दुसरी चूल पेटली, की त्या दिवसापासून त्या घरातून दोन माणसं आणि दोन लाकडं. बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडणारी दोन घरंसुद्धा त्या दिवशी एकाच तिरडीला खांदा द्यायची, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकमेकांचं तोंड बघायची नाहीत.

घरोघर सांगायला जायचं काम आमच्या घराकडे होतं. कुणी नेमलं होतं असं नाही. आजोबा जायचे, मग बाबा जायला लागले. अंगणात उभं राहायचं, ओटीवर चढायचं नाही, पाणी प्यायचं नाही. कोण गेलं ते सांगायचं, "घरटी एक मानूस, एक लाकूड" म्हणायचं आणि पाठ फिरवायची. त्यामुळे बाबा कुणाच्या अंगणात नुसते उभे राहिले तरी घरातली माणसं हातातलं काम खाली ठेवायची. लग्नाची बोलावणी करायला त्यांना गावाने कधीच पाठवलं नाही.

गाव आहे खालापूर आणि कर्जतच्या मधे. त्याचा जुना नकाशा मी डोळे मिटून काढू शकतो. वरच्या अंगाला डोंगर, त्याच्या पायथ्याला ठाकरांची वाडी, मग आमची घरं, घरांपुढे भातशेती, शेतीपलीकडे मोठा माळ आणि माळ उतरला की नदी. नदीच्या काठाला स्मशान. घरांपासून स्मशानापर्यंत शेतांच्या बांधांवरून आणि माळावरून तिरपी जाणारी एक पायवाट होती. तिला मधली वाट म्हणत. माळाच्या बरोबर मध्यावर एका करंजाखाली सपाट काळा दगड होता, तो विसावा. तिथे तिरडी टेकवायची, पुढच्यांनी मागे यायचं, मागच्यांनी पुढे जायचं, आणि मग उचलायची ती थेट नदीवर. माझ्या आईलाही तिथे टेकवलं होतं. त्या दगडाशी बाबा जरा जास्तच वेळ थांबले आणि कुणीतरी त्यांना दंडाला धरून उठवलं, एवढं मला आठवतं.

त्या माळावर विद्यापीठ आलं. माळावर काही पिकत नव्हतं, गवत कापायचं आणि गुरं चारायची, एवढाच त्याचा उपयोग. मुंबई जवळ, पुणं जवळ, हवा चांगली, असं सगळं जुळून आलं. ज्यांचे तुकडे होते त्यांनी ते दिले, काहींनी पुढची भातशेतीही दिली. कुणावर जुलूम झाला असं मी म्हणणार नाही. आमचाही एक तुकडा त्यात गेला आणि त्यातून घरावर दोन मजले चढले. शिकलेली, हातात चार पैसे आलेली घरं एकेक करून बाहेर पडली. कुणी नेरळला फ्लॅट घेतला, कुणी पनवेलला. गावातली घरं त्यांनी विकली नाहीत, खोल्या पाडून पोरांना भाड्याने दिली. गावाच्या तोंडाशी झेरॉक्सची दुकानं आली, मग मोमोचे स्टॉल, मग केस कापायचं वातानुकूलित दुकान. ज्या घरात दोन म्हातारी माणसं उरली होती तिथे आता वरच्या मजल्यांवर तीसेक पोरं राहू लागली. वर्गात नागरीकरणाचा धडा शिकवताना मी उदाहरण म्हणून आमचंच गाव सांगतो. पोरं हसतात, त्यांना वाटतं मी फुशारकी मारतोय.

खरं सांगायचं तर या सगळ्याने सगळ्यात जास्त खूश झाले ते बाबा. संध्याकाळी काठी टेकत ते गल्लीत फेरी मारायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, "माडीवर आनखी एक चूल झाली रं." प्रत्येक खोलीत पोरांनी शेगडी मांडलेली, कुणाची गॅसची, कुणाची विजेची, आणि प्रत्येक शेगडी बाबांच्या लेखी एक चूल. माझ्या बायकोने त्यांना एकदा समजावून पाहिलं की ती पोरं फक्त मॅगी शिजवतात, परीक्षा झाली की निघून जातात, पुढच्या वर्षी दुसरीच येतात. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पन चूल तर पेटते ना?" ते म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. मी पेपर तपासत असल्यासारखं केलं.

माळाला कुंपणाची भिंत पडली तेव्हा मधल्या वाटेचा प्रश्न आला. त्या वेळी गावातले चार जण जाऊन भेटले. भिंतीत मागच्या बाजूला एक छोटं फाटक ठेवायचं आणि मयत असेल तेव्हा ते उघडायचं, असं तोंडी ठरलं. काही वर्षं ते पाळलंही गेलं. फाटकातून आत जायचं, हॉस्टेलच्या मागून, बागेच्या कडेने. करंज त्यांनी ठेवला होता, खालचा दगडही होता, त्याभोवती हिरवळ लावली होती. तिरडी टेकवताना हॉस्टेलच्या गॅलरीतून पोरं बघत असायची. कुणी फोन काढायचं, मग दुसरं कुणी त्याला दटावायचं.

मग आमचा भाग महानगर प्रदेशात आला. म्हणजे बदललं काहीच नाही, पण देवळाच्या सभामंडपात पडदा लावून एक आराखडा दाखवायला माणसं आली. पडद्यावर वर्तुळं होती. मधोमध विद्यापीठ, भोवती पहिलं वर्तुळ, दुसरं, तिसरं. दुसऱ्या वर्तुळात कुंभिवलीकडचे कारखाने, तिसऱ्याच्या टोकाला कर्जत. आमचं गाव पहिल्या वर्तुळात पिवळ्या रंगाने भरलं होतं, खाली लिहिलं होतं, निवासी वापर. नदीचा काठ हिरवा होता. स्मशान कुठे गेलं ते मी शोधत होतो, तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले.

"आमची वाट कुठं हाय यात?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, इथून मोठा रस्ता येणार आहे," पडद्याजवळचा तरुण आदराने म्हणाला आणि काठीने एक जाड लाल रेघ दाखवली.

"रस्ता नाय. वाट."

त्याने पुन्हा लाल रेघ दाखवली. माझं डोकं फिरलं. मी उभा राहून म्हणालो की नदीकाठी आमचं स्मशान आहे, पिढ्यानपिढ्यांची वाट आहे, नकाशात ती दोन्ही नाहीत, तुम्ही कोणता भूगोल शिकलात? माझा आवाज चढलेला ऐकून मंडपातल्या दोन बायका हसल्या. त्या तरुणाने काहीही न रागावता सांगितलं, महामार्गाच्या बाजूला पत्र्याची शेड असलेलं नवं स्मशान प्रस्तावित आहे, तिथे गाडी थेट आत जाते, तरीही सरांच्या सूचनेची नोंद घेतली आहे. मग चहा आला. शेड मात्र खरंच वर्षभरात उभी राहिली.

त्या सभेनंतर काही दिवसांनी बाबांनी मला ओटीवर बोलावलं. त्यांच्या छातीचं दुखणं तेव्हा नुकतं निघालं होतं. खोपोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी फार प्रस्तावना केली नाही.

"मला गाडीत घालू नको," ते म्हणाले. "खांद्यावर ने. मधल्या वाटंनं. तुझ्या आईला टेकवली तितं टेकव, न मग नदीवर. बाकी काय नको."

मी लगेच हो म्हटलं. असल्या वेळी माणूस लगेच हो म्हणतो. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत ते हो माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. गावात राहिलेली धडधाकट माणसं मी मनातल्या मनात आठवू लागलो आणि तिरडीला लागणारे चार खांदे पुरे करताना माझी दमछाक झाली. त्यातला एक पाठीच्या दुखण्याने पट्टा बांधणारा, एक शिफ्ट ड्युटीवाला. बाहेर गल्लीत तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं हसत होती, मोटारसायकली उभ्या होत्या, कुणीतरी गिटार वाजवत होतं. एवढी घनता आमच्या गावाला कधीच नव्हती.

निदान वाट तरी पक्की करून घ्यावी म्हणून मी विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. काचेच्या दारापाशी छातीवर लावायला एक कार्ड मिळालं, त्यावर पाहुणा असं छापलेलं. आतली बाई वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी होती आणि फार चांगलं वागली. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. फाटकाचं तोंडी ठरलेलं कुणालाच माहीत नव्हतं, कारण ज्यांच्याशी ठरलं ते कधीच सोडून गेले होते. तिने मला ईमेल करायला सांगितलं. मी केला. उत्तर आलं की आपला विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. मी पुन्हा गेलो, पुन्हा पाणी मिळालं. एखादा वस्सकन अंगावर आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. इथे सगळे इतके सभ्य होते की मी कुणावर चिडावं हेच मला कळेना.

घरी बाबा वाट बघत असायचे. "झालं का रं?" विचारायचे. "होतंय," मी म्हणायचो.

अशात शेजारची काकी गेली. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. माझी आई गेल्यावर माझ्या ताटात भात वाढणारी ती बाई. तिचा मुलगा नेरळला राहायचा, तो सकाळीच धावत आला. थंडीचे दिवस होते. ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं. मी शाळेत रजा कळवून बांबू आणायच्या गडबडीत होतो. बाबा कुठे आहेत हे मी पाहिलं नाही. बायकोने येऊन सांगितलं, बाबा सांगायला गेलेत.

"कुठे?" मी विचारलं.

"सगळीकडे," ती म्हणाली.

मी गल्लीत धावलो. बाबांनी जुनी घरं केव्हाच उरकली होती आणि ते आता खोल्या घेत होते. जिना चढायचा नाही म्हणून खालीच उभे राहून काठी लोखंडी कठड्यावर आपटत होते. वरून एक दार उघडलं की मान वर करून आपल्या हिंदीत सांगत होते, "वो काकी गया. तुमारे घर से एक आदमी आनेका. एक लकडी लानेका." वरची पोरं झोपेतून उठलेली. एकाने हात जोडून दार लावलं. एकाला वाटलं मोटारसायकल काढायला सांगतायत, तो चावी घेऊन खाली आला. पलीकडच्या इमारतीत मुली राहतात. तिथली एक मुलगी जिना उतरून आली, तिने बाबांचा चेहरा नीट बघितला, पर्समधून एक नोट काढून त्यांच्या हातात ठेवली आणि मऊ आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलली. तिचं काही चुकलं नव्हतं. म्हातारा माणूस दारात उभा आहे, कुणीतरी गेलं म्हणतोय, दुसरा काय अर्थ लावायचा?

बाबा त्या नोटेकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातावर कुणी असं काही ठेवलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. "हिला परत दे," म्हणाले, "आन सांग, मानूस पायजे." मुलगी तोवर वर गेली होती. ती नोट हातात धरून मी भर उन्हात उभा राहिलो. मला लाज वाटली, आणि कुणाची वाटली ते आजही नीट सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "बाबा, पुरे आता. घरी चला."

"आजून मागची गल्ली हाय."

"ती आपली माणसं नाहीत, बाबा."

"चूल हाय तिथं सांगायचं," ते म्हणाले. "येनं न येनं त्यांच्यावर." आणि खरोखरच मागच्या गल्लीत गेले. मी त्यांच्या मागून चालत राहिलो, दुसरं काय करणार होतो?

आले तीन जण. आमच्याच वरच्या मजल्यावरची पोरं, एक ओडिशाचा आणि दोन झारखंडचे. अर्ध्या चड्ड्या बदलून, पँट घालून आली. झारखंडच्या दोघांपैकी एकाने पलंगाच्या खोक्याची फळी आणली होती, कारण लाकूड म्हणून दुसरं काय आणावं हे त्याला सुचेना. बाबांनी ती हातात घेऊन उलटी-सुलटी करून बघितली आणि बाकीच्या लाकडांच्या ढिगावर नीट ठेवली. गावातली घरं धरून माणसं कशीबशी जमली. काकीच्या मुलाने विस्तवाचं मडकं हातात घेतलं, आम्ही तिरडी उचलली. माझ्या पलीकडच्या बाजूला ओडिशाचा पोरगा होता, माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे तिरडी माझ्याकडे कलत होती. तो बिचारा गुडघे वाकवून चालत होता. लाकडं हातगाडीवर, भिंतीलगतच्या कच्च्या रस्त्याने पुढे गेली. बाबा काठी टेकत सगळ्यात मागे.

शेतं संपली, फाटक आलं. फाटक बंद होतं.

आत फाटकाशी उभा असलेला गार्ड आमच्याच गावातला. त्याच्या घरून त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं, कारण त्याच्या घरून यायचा तो माणूस म्हणजे तोच. आम्हाला बघून त्याने आधी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"आज पदवीदान हाय," तो मला म्हणाला. "मोठे पाव्हणे आलेत. मागची सगळी फाटकं बंद ठेवायला सांगितलीत. चावी माज्याकडं नाय, सर. आईशपथ नाय."

"मग कुणाकडे आहे?"

त्याने वॉकीटॉकीवर विचारलं. पलीकडून उत्तर आलं, अभी नहीं, प्रोग्राम खतम होने दो. त्याने पुन्हा सांगितलं की मयत आहे, आपल्या गावातली बाई आहे. पलीकडच्या माणसाने वाईट वाटल्यासारख्या आवाजात तेच सांगितलं. मांडवातून टाळ्यांचा आवाज येत होता. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि टाळ्या होत होत्या.

तिरडी घरातून निघाली की मागे फिरवत नाहीत. म्हणून आम्ही ती खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिलो. फाटकाच्या गजांतून हिरवळ दिसत होती, करंज दिसत होता. बागेत काम करणारी वरच्या वाडीतली एक ठाकरीण खुरपं टाकून पुढे आली, डोक्यावर पदर घेतला आणि गजांपलीकडे नुसती उभी राहिली. काकीकडे ती करवंदं, रानभाज्या घेऊन यायची. खांदे भरून आले तशी माणसं बदलली, पण बदलायला माणसं फार नव्हती. पट्टा बांधणाऱ्याची पाठ धरली. ओडिशाच्या पोराच्या पायाला कंप सुटलेला मला दिसत होता, पण तो खांदा सोडत नव्हता. मी फोन लावत राहिलो. कचेरीतली ती चांगली बाई समारंभात असणार, तिने उचलला नाही. सरपंचांनी उचलला. मीही इथेच मांडवात बसलोय, पण पुढच्या रांगेतून उठता येत नाही, असं कुजबुजत सांगितलं.

शेवटी काकीचा मुलगाच म्हणाला, "खाली ठेवा रं. किती येळ धरणार?" आणि आम्ही तिला फाटकाबाहेर, वाळूच्या ढिगाशेजारी टेकवली. बाबा पुढे आले. तिच्या पायाशी उभे राहिले. त्यांनी गार्डकडे बघितलं. तो रडत होता, युनिफॉर्मच्या बाहीने डोळे पुसत होता.

"तुजं काय चुकलं नाय," बाबा त्याला म्हणाले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "गाडी बोलव."

टेंपो आला, तो नव्या स्मशानाच्या रस्त्यावरच उभा असतो, त्याचं कामच ते झालंय. तिरडी आत सरकवली. मुलगा मडकं घेऊन चढायला लागला तसा ड्रायव्हर म्हणाला, "सीएनजी हाय. इस्तू आत नको." त्याचंही बरोबर होतं. मग झारखंडच्या एका पोराने गल्लीतून मोटारसायकल आणली, मुलगा तिच्यावर मागे बसला, विस्तवाचं मडकं मांडीवर धरून, आणि महामार्गावरून, ट्रकांच्या मधून, आम्ही बाकीचेही मिळेल त्या गाडीवर टेंपोच्या मागे गेलो. महामार्गाला लागताना ओढ्यावरच्या मोरीवर टेंपो दाणकन आपटला. वाऱ्याने निखारे फुलत होते आणि ठिणग्या त्याच्या सदऱ्यावर उडत होत्या. हसावं की रडावं कळत नव्हतं. एका गाडीतल्या माणसाने काच खाली करून आमचा फोटो काढला.

लाकडं फाटकाशीच राहिली, हातगाडी महामार्गावर नेता येत नव्हती. शेडमध्ये लाकूड विकत मिळतं. बाबाही राहिले, त्यांना चालवत नव्हतं आणि टेंपोत जागा नव्हती. गार्डने त्यांना आतून आपली प्लास्टिकची खुर्ची गजांवरून उचलून दिली. काम झाल्यावर मी टेंपोवाल्याला म्हणालो, परत जाताना फाटकावरून माझ्या वडिलांना घरी सोड. तोवर समारंभ संपला होता आणि फाटक उघडलं होतं. बाबा उघड्या फाटकासमोर लाकडांच्या ढिगाशेजारी खुर्चीत बसले होते, असं ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं.

त्यानंतर बाबा फारसे बाहेर पडले नाहीत. गल्लीत फेरी नाही, चुलींची बातमी नाही. मी पुन्हा विद्यापीठात गेलो, या वेळी मोठ्याने बोललो. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. लेखी दिलगिरी मिळाली, त्यात काकीचं नाव बरोबर लिहिलं होतं, आणि फाटकाबाबत धोरण ठरवत आहोत असं होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. वाचताना मी उसना हुरूप आणला होता. म्हटलं, आता होईल बघा, आता त्यांनी लिहून दिलंय. माणसांचंही बघू. पनवेलच्या लोकांशी मी बोलून ठेवतो, एक ग्रुप करतो मोबाईलवर, निरोप गेला की सगळे तासाभरात येतील.

बाबा चहा बशीत ओतून पीत होते. बशी त्यांनी खाली ठेवली.

"कुनाकुनाच्या दारात उभा राहशील तू?" त्यांनी विचारलं. "मी राहिलो, मला ठाव हाय. तुला नाय जमायचं ते."

"जमेल, बाबा."

"एकटा पडशील रं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, अंगणाकडे बघत होते. "त्या टेंपोवाल्याला सांगून ठेवलंय मी. त्या दिवशी घरी सोडलं त्यानं, तवाच बोललो. मानूस चांगला हाय. घर दाखवलंय त्याला, तुजं नाव सांगितलंय. तू नुसता फोन कर, तो येतो म्हनला."

आयुष्यभर गावातल्या प्रत्येकासाठी सांगायला गेलेला माणूस स्वतःसाठीही आपणच जाऊन सांगून आला होता, आणि तेही मला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून. मला त्यांना सांगायचं होतं की असं काही होणार नाही, मी तुम्हाला खांद्यावर नेईन, मधल्या वाटेने नेईन, त्या दगडावर टेकवीन.

"हळू चालव म्हनलोय त्याला," ते म्हणाले. "त्या मोरीवर लय आपटतं."

मी म्हणालो, "बरं."